आडवी बाटली आणि सरकारी गद्य

‘एकच प्याला’ वर्गात शिकवायला घेतले की दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. सिंधू घर सोडून का जात नाही? भाऊ न्यायला तयार असतो, माहेर सुस्थितीतले असते, मग ती जात का नाही? आम्ही दोघे (नवराबायको, दोघेही नगर जिल्ह्यातल्या निरनिराळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो) या प्रश्नाची ठरलेली उत्तरे देत आलो आहोत: पातिव्रत्याची तत्कालीन कल्पना, १९१९ सालचा प्रेक्षक, करुणरसाची मागणी, गडकऱ्यांचा भाषेचा सोस. मुले ती उतरवून घेतात आणि परीक्षेत आम्हांलाच परत करतात. मागे एकदा मात्र आमच्यापैकी एकाच्या वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलीने वेगळेच विचारले. “सर, सिंधूला चिठ्ठी टाकायला मिळाली असती, तर तिने कोणती बाटली निवडली असती? उभी की आडवी?” वर्ग हसला. मुलगी पारनेर तालुक्यातली होती, आणि तिच्या दृष्टीने प्रश्नात हसण्यासारखे काही नव्हते. आम्हीही हसलो नाही. कारण या प्रश्नाशी आमचा एक जुना, फारसा अभिमानास्पद नसलेला हिशेब राहून गेला आहे. तो आज मांडतो.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. १९४९च्या दारूबंदी कायद्याने (हा कायदा आजही आपल्याकडे लागू आहे, आणि आपली सर्व मद्यविक्री ‘दारूबंदी’ नावाच्या कायद्याखालीच चालते, हा विनोद आम्ही रचलेला नाही) परवाने देण्याचे अधिकार सरकारकडे ठेवले. पुढे स्त्रियांच्या चळवळींच्या रेट्यामुळे गावातले परवानाधारक दुकान मतदानाने बंद करण्याची तरतूद झाली. २५ मार्च २००८चा शासनाचा आदेश हा त्यातला महत्त्वाचा टप्पा. गावातल्या पंचवीस टक्के मतदारांनी, अथवा पंचवीस टक्के स्त्री मतदारांनी, सह्यांचे निवेदन द्यायचे; अधिकाऱ्यांनी त्या सह्यांची पडताळणी करायची; मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव नसते. दोन चित्रे असतात: एक उभी बाटली, एक आडवी. उभी म्हणजे दुकान चालू द्या, आडवी म्हणजे बंद करा. एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला मिळाली तर दुकान बंद.

‘एकूण मतदारांपैकी’ या दोन शब्दांकडे लक्ष वेधतो. झालेल्या मतदानापैकी नव्हे, यादीतल्या एकूण नावांपैकी. यादीत मेलेल्या बायका असतात, लग्न होऊन परगावी गेलेल्या लेकी असतात, ऊसतोडीला गेलेल्या असतात, पोटासाठी भोसरीला आणि चाकणला राहायला गेलेल्या असतात. त्या सगळ्यांचे मत, त्या न आल्यामुळे, आपोआप उभ्या बाटलीला जाते. यादीतल्या एकूण नावांच्या निम्म्याहून अधिक मते मिळवून निवडून येणारा आमदार आपल्याकडे विरळा. तो निकष लावला तर आपली विधानसभा बरीचशी रिकामी राहील. दारूचे दुकान हलवायला मात्र तो निकष लागतो. तरीही जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बायकांनी तो पार केला. पारनेर तालुक्यातल्या निघोजच्या स्त्रियांचे मतदान आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे.

आमच्या गावाचे नाव आम्ही लिहीत नाही. ते जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात आहे एवढे पुरे. तिथे आमच्या काकू राहतात. काकू म्हणजे धाकट्या चुलत्यांची बायको; वयाने आता पंचाहत्तरीच्या आसपास, अक्षरओळख नाही, चुलते गेले त्याला पुष्कळ वर्षे झाली. गावात देशी दारूचे एक परवानाधारक दुकान होते, एसटी थांब्याच्या मागे, शाळेपासून नियमात बसेल इतक्याच अंतरावर. काकूंचा मुलगा, आमचा चुलत भाऊ, त्या दुकानाचा रोजचा गिऱ्हाईक. चांगला गवंडी होता. त्याने बांधलेली दोन घरे आजही गावात दाखवली जातात. त्याच्याविषयी अधिक लिहिणार नाही. सुधाकराचे पतन सांगायला गडकऱ्यांना पाच अंक लागले, आणि त्यातले किती तरी आता आपल्याला ऐकवत नाही.

२०१०च्या उन्हाळ्यात काकूंनी आणि बचत गटातल्या आठदहा बायकांनी सह्या गोळा करायला सुरुवात केली. ‘सह्या’ म्हणायचे, निम्म्याहून अधिक अंगठे होते. स्टॅम्पपॅड बचत गटाचे, कागद अंगणवाडीतले. रात्री जेवणे झाल्यावर घरोघर जायचे, कारण दिवसा बायका रानात आणि संध्याकाळी पुरुष घरात. पंचवीस टक्क्यांहून थोडे जास्त अंगठे आणि सह्या जमल्या. निवेदन गेले. मग पडताळणीचा दिवस उजाडला, आणि साऱ्या प्रकरणाची गाठ, आम्हांला पुष्कळ उशिरा कळले, ती इथेच होती.

मतदान गुप्त असते, पण पडताळणी गुप्त नसते. ग्रामपंचायतीच्या खोलीत टेबल मांडलेले. अधिकारी एकेका बाईचे नाव पुकारणार, तिने पुढे येऊन ‘ही सही माझी’ असे सांगायचे. खोलीच्या दाराशी गावातले पुरुष उभे. त्यांत नवरे, दीर, दुकानदाराची माणसे. काही बायका आल्याच नाहीत. काही आल्या आणि म्हणाल्या, “नाय जी, म्या नाय अंगठा दिला.” काकू सांगतात, त्यातल्या एकीने आदल्या आठवड्यात स्वतः स्टॅम्पपॅड हातात धरून तीन घरे हिंडली होती.

‘एकच प्याला’चा शेवट ज्यांनी नीट वाचला असेल त्यांना हे ओळखीचे वाटावे. नाटकभर सिंधू नवऱ्याशी बोलते, भावाशी बोलते, गीतेशी बोलते. सरकारशी ती एकदाच बोलते, मरताना, फौजदारापुढे. आणि तो जबाब खोटा असतो: नवऱ्याला वाचवण्यासाठी दिलेला. वर्षानुवर्षे आम्ही तो प्रसंग पातिव्रत्याचा कळस म्हणून शिकवला. आज तो शिकवताना वाटते, की गडकऱ्यांना (त्यांच्या इच्छेविरुद्धही असेल) सरकारी कागदाचे एक रहस्य सापडले होते. जी बाई घरातच राहणार आहे, तिच्याकडून सरकारने घरातल्या पुरुषाविरुद्ध उघड जबाब मागितला, की ती खोटे बोलते. तिने खरे बोलावे असे वाटत असेल तर पडदा लावावा लागतो.

गळती होऊनही पंचवीस टक्क्यांचा आकडा कसाबसा टिकला. मतदान झाले. काकूंनी त्या दिवसाचे वर्णन आमच्याजवळ इतक्या वेळा केले आहे, की आम्ही तिथे हजर होतो असेच आम्हांला वाटू लागले आहे. वस्तुतः आम्ही नव्हतो; विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. म्हाताऱ्यांना बैलगाडीतून आणले. भोसरीहून एक टेम्पो भरून लेकीसुना आल्या. भाड्याचे पैसे बचत गटाने दिले. एक बाळंतीण आली. यादीतल्या निम्म्यापेक्षा सतरा मते जास्त पडली. सतरा. रात्री बायकांनी थांब्यावर फुगड्या घातल्या, आणि गावातल्या एका वात्रट माणसाने दुकानाच्या बंद शटरवर बेलभंडारा उधळला. चार महिन्यांनी कुलुपावर लाखेची मोहोर लागली. तेवढा वेळ सरकारला आदेश टाइप करायला लागतो.

पुढची सुमारे तीन वर्षे दुकान बंद होते. गाव सुधारले असे आम्ही म्हणणार नाही. हातभट्टीचा माल ओढ्याकाठी येऊ लागला, आणि तक्रार केली की ‘पंचनामा करू’ असे उत्तर मिळे. दारूबंदीच्या विरोधात असलेले आमचे मित्र हाच दाखला देतात, आणि तो खोटा नाही. पण आमच्या चुलत भावापुरते बोलायचे तर सर्वांत जवळचे दुकान अकरा किलोमीटरवर गेले होते आणि त्याची मोटरसायकल आधीच विकली गेली होती. रोज अकरा किलोमीटर जाण्याइतका तो व्यसनी नव्हता. माणसाचे व्यसन किती खोल आहे, हे काही वेळा अंतराने मोजता येते, ही गोष्ट आम्हांला कोणत्याही पुस्तकात वाचायला मिळाली नव्हती. त्या काळात त्याने तिसरे घर बांधले.

मग अपील झाले. परवानाधारकाने वरिष्ठ प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला (कोणते कार्यालय हे सांगण्याचे कारण नाही), आणि सोबत काही बायकांची प्रतिज्ञापत्रे जोडली: निवेदनावरचा अंगठा आमचा नव्हे, पडताळणीत आमचे नाव चुकून धरले गेले. ही नावे वजा केली, तर निवेदन पंचवीस टक्क्यांच्या खाली जाते. निवेदनच अवैध, म्हणून मतदानही अवैध. काकूंना नोटीस आली. ती घेऊन त्या एसटीने आमच्याकडे आल्या, दिवाळीच्या सुट्टीत. पिशवीत लाडू होते आणि लाडवांच्या डब्याखाली नोटीस.

“तुम्ही दोघं शिकलेले. तुम्ही लिवा. त्यांना वाचून रडू आलं पायजे असं लिवा.”

आम्ही लिहिले. आणि इथे आमचा दोष सुरू होतो.

आधी आठवडाभर आम्ही आपसांत वाद घातला. माणसाने काय प्यावे हे गावाने ठरवावे का? आज बाटली, उद्या पोशाख, परवा लग्न: बहुमताच्या हाती घराचा उंबरा द्यायचा का? आमच्यापैकी एकाला अधूनमधून मित्रांबरोबर घेण्याची सवय आहे, शहरात, पडद्याआड, आणि ती सोडण्याची त्याची इच्छा नव्हती. राळेगणसिद्धीत १९७५नंतर अण्णा हजाऱ्यांनी दारूबंदी कशी केली, पिणाऱ्यांना खांबाला बांधून कसे फटके मारले गेले, हे तर जिल्ह्यातल्या प्रत्येकाने ऐकलेले. त्या फटक्यांचे समर्थन आम्हांला तेव्हाही करता येत नव्हते, आजही येत नाही. हिवरे बाजारची नशाबंदी आम्ही पाहून आलो होतो. तिथली शिस्त पाहून आदर वाटला आणि थोडा गुदमरही. हे सगळे प्रश्न खरे होते. पण नोटिशीत ते विचारलेले नव्हते. नोटिशीत विचारले होते, की सात अंगठे कोणाचे?

आम्ही जे लेखी म्हणणे तयार केले ते चार पानांचे होते. त्यात जोतीराव फुले होते: १८८०मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना शहरात दारूची दुकाने वाढू लागली म्हणून त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहिले होते, आणि परवान्याचा अधिकार सरकारच्या महसुलाशी बांधलेला असल्यामुळे स्थानिक संस्थेचा शब्द कसा दुबळा ठरतो, हे आम्ही त्यावरून मांडले होते. त्यात राज्यघटनेचा सत्तेचाळिसावा अनुच्छेद होता. त्यात (लिहिताना आजही लाज वाटते) सिंधू होती. वाक्ये लांब आणि तोलदार होती. काकूंना आम्ही ते वाचून दाखवले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि आम्हांला बरे वाटले. सात अंगठ्यांविषयी त्यात एकच वाक्य होते: ही प्रतिज्ञापत्रे दबावाखाली दिलेली आहेत, हे उघड आहे.

सुनावणीला आमच्यापैकी एक काकूंबरोबर गेला. सुनावणी अकरा मिनिटे चालली. अधिकाऱ्यांनी आमची चार पाने उलटली, सौम्यपणे विचारले, “पडताळणीला न आलेल्या महिलांपैकी कोणाचे शपथपत्र आणले आहे का? पंचवीस टक्क्यांचा तक्ता?” आणले नव्हते. आणता आले असते. पडताळणीच्या दिवशी न आलेल्या बायकांपैकी दहाबारा जणी, तीन वर्षे दुकान बंद राहिल्यावर, ‘अंगठा माझाच’ असे सांगायला आता खुशाल तयार होत्या. काकूंना ते ठाऊक होते, पण आम्ही विचारले नाही. त्यांना काय ठाऊक आहे ते विचारावे असे आम्हांला सुचलेच नाही. आम्ही त्यांच्या वतीने लिहीत होतो.

आदेश महिन्याभराने आला. तो आम्ही जपून ठेवला आहे आणि गद्याचा नमुना म्हणून कधीतरी तो वर्गात शिकवावा असे मनात आहे. पहिल्या पानभर ‘वाचले:’ या शब्दाखाली संदर्भांची यादी. मग ‘ज्याअर्थी’ने सुरू होणारे परिच्छेद, एकामागून एक, आणि शेवटी ‘त्याअर्थी’. मराठी वाक्याला कर्ता लागतो असे आपण शाळेत शिकतो. या गद्याला तो लागत नाही. पडताळणी ‘करण्यात आली’, त्रुटी ‘आढळून आल्या’, मतदान ‘घेण्यात आले’, सबब मूळ आदेश ‘रद्दबातल ठरविण्यात येत आहे’. कोणी केले, कोणाला आढळले, कोण ठरवीत आहे? कर्मणी प्रयोगाचा इतका सुरक्षित वापर आम्ही इतरत्र पाहिला नाही. टेम्पोने आलेल्या लेकीसुना, बाळंतीण, सतरा मते, हे सगळे ‘सदर प्रक्रिया’ या दोन शब्दांत बसवले होते. आणि तरीही न्यायबुद्धीने सांगायचे, तर आदेशात खोटे काही नव्हते. नियम होता, तो मोडला गेला असे सांगणारे कागद होते, उलट सांगणारे कागद नव्हते. आमची चार पाने ‘गैरअर्जदार यांचे म्हणणे अवलोकन केले’ या वाक्यात संपली.

दुकान उघडले. काकू आम्हांला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर सोपे गेले असते.

त्यानंतर आम्ही या विषयावर जमेल ते वाचू लागलो; अपराधी मन वाचनात लपते. त्या वाचनात एक दूरचे उदाहरण सापडले, ते इथे नोंदवावेसे वाटते, कारण ते आमच्या गोष्टीचे उलटे प्रतिबिंब आहे. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात डेन्व्हर नावाचे शहर आहे. तिथल्या मतदारांनी नोव्हेंबर २००५मध्ये थेट मतदानाने ठरवले, की प्रौढ माणसाजवळ थोडा, म्हणजे एक औंसापर्यंत, गांजा सापडला तर शहराने त्याला गुन्हा मानू नये. निकाल स्पष्ट होता. शहराचे अधिकारी म्हणाले, ठीक आहे, पण राज्याचा कायदा तसाच आहे, आम्ही त्याखाली कारवाई करू. आणि केली. दोन वर्षांनी मतदारांनी पुन्हा मत दिले: गांजाची कारवाई पोलिसांनी सर्वांत शेवटच्या क्रमांकावर ठेवावी. तरीही कारवाई थांबली नाही. मोंटाना राज्यातल्या मिझूला परगण्यात २००६मध्ये असाच प्रस्ताव मंजूर झाला, तर परगण्याच्या आयुक्तांनी तो दुरुस्त करून त्याची व्याप्ती कमी केली. अखेर २०१२मध्ये कोलोराडोच्या राज्यघटनेतच मतदारांनी दुरुस्ती केली, तेव्हा कुठे डेन्व्हरचा २००५चा कौल खरा झाला.

तिथे लोक म्हणत होते ‘मोकळे सोडा’ आणि अधिकारी आवळत होते. इथे बायका म्हणत होत्या ‘बंद करा’ आणि अधिकारी उघडत होते. आमच्या एका तरुण सहकाऱ्याचे म्हणणे असे, की मग या दोहोंत साम्य काय? एक स्वातंत्र्याची बाजू, दुसरी निर्बंधाची. आम्हांला ते पटत नाही. दोन्हीकडे खालच्या कौलावर वरचा कायदा ठेवला गेला, आणि दोन्हीकडे ठेवणारा माणूस म्हणू शकला, की मी काही ठरवत नाही, मी फक्त पाळतो. डेन्व्हरच्या पोलिसाला कर्मणी प्रयोग येत असता तर त्यानेही तोच वापरला असता.

गांजाचा विषय निघाला म्हणून सांगतो. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड ज्या मोजक्या जिल्ह्यांत होई, त्यांत आमचा नगर जिल्हा प्रमुख होता. १८९३मध्ये सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४च्या अहवालात सांगितले, की मर्यादित सेवनाने विशेष हानी होत नाही, संपूर्ण बंदी नको, परवाने आणि कर पुरेत. गांजा पिणाऱ्या बैराग्यांची, वैद्यांची, पाटलांची, कलेक्टरांची मते त्या अहवालासाठी विचारली गेली. गांजा पिणाऱ्यांच्या बायकांची साक्ष शोधण्याचा आम्ही प्रयत्न केला. आमच्या हाती जे खंड आले त्यांत ती दिसली नाही. पुढे १९८५च्या कायद्याने गांजा गुन्हा झाला आणि दारू परवान्यावर राहिली. दोन्ही वेळा कोणत्या गावाने मत दिले नव्हते.

आपल्या राज्यात कौल आणि आदेश यांची ही ओढाताण मोठ्या प्रमाणावर झाली ती चंद्रपुरात. तिथे पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने स्त्रियांचे आंदोलन उभे राहिले, चिमूरहून नागपूरपर्यंत मोर्चा चालत गेला, शेकडो ग्रामसभांनी ठराव केले, आणि १ एप्रिल २०१५पासून जिल्ह्यात दारूबंदी झाली. मे २०२१मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. कारणे दिली गेली: अवैध विक्री वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला. पहिल्या दोन कारणांत तथ्य असू शकते. आमच्या ओढ्याकाठची भट्टी आम्ही विसरलेलो नाही. पण ज्या ठरावांनी बंदी आली, त्या ग्रामसभांना उठवताना पुन्हा विचारावे असे कोणाला वाटले नाही. आणायला मोर्चा लागतो, उठवायला बैठक पुरते.

आमच्या जिल्ह्यात तर या विषयाची सगळी रूपे एका वेळी पाहायला मिळतात. अण्णांच्या आग्रहातून २०१६च्या अखेरीस ग्रामरक्षक दलांचा कायदा विधिमंडळाने संमत केला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी २०१७मध्ये, नगर तालुक्यातल्या पांगरमल गावात जिल्हा परिषद निवडणुकीच्या धामधुमीत विषारी दारूने माणसे मेली, आणि पोलिसांच्या तपासात त्या बनावट दारूचा माग जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या आवारातल्या उपाहारगृहापर्यंत गेला. कादंबरीत हे घातले असते तर समीक्षकांनी अतिरंजित म्हणून झोडपले असते. जानेवारी २०२२मध्ये सुपरमार्केटात वाइन विकण्याचा निर्णय झाला तेव्हा अण्णांनी उपोषण जाहीर केले, आणि ते मागे घ्यायला लावले राळेगणच्या ग्रामसभेने. त्यांचे वय पाहून. ग्रामसभेचा शब्द मानला गेल्याचे जिल्ह्यातले एक उदाहरण म्हणून ते आम्हांला आठवते. मानणारा सरकार नव्हता, एवढेच.

आणि अकोले. आमच्याच जिल्ह्यात, पश्चिमेला, अकोले तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथल्या आदिवासी गावांच्या ग्रामसभांना १९९६च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी वा नियमन करण्याचा अधिकार दिलेला आहे. राज्याचे नियम त्यावर २०१४मध्ये झाले. अधिकार कागदावरचा आणि अंमल जमिनीवरचा यांत अंतर असणार, हे मान्य. तरी कायद्याने तिथली गावे ठरवणारी आहेत, आणि आमचे गाव विनंती करणारे. भंडारदऱ्याच्या बाजूला सहलीला गेलो की आम्ही हे काकूंना सांगायचे ठरवतो आणि सांगत नाही. त्या म्हणतील, “मग आपल्याला का न्हाय?” आणि याचे चार पानांपेक्षा लहान उत्तर आम्हांला अजून सापडलेले नाही.

बहुमताने उंबऱ्याच्या आत यावे का, या आमच्या मूळ शंकेचे काय झाले, असे कोणी विचारील. ती आहे. पण आठवडाभर जो वाद आम्ही इतक्या हिरिरीने घातला, त्यात उंबऱ्याच्या आत फक्त पुरुष आणि त्याचा पेला आहे असे आम्ही धरून चाललो होतो, हे आता दिसते. काकूंच्या घरात उंबऱ्याच्या आत चार माणसे राहत होती, आणि तिघांचे मत सारखे होते. शिवाय कोणाला पिण्याची बंदी करा असे त्या मतपत्रिकेवर लिहिलेलेच नव्हते. एक परवाना, जो सरकारने गावाला न विचारता दिला होता, तो आमच्या थांब्यामागे नको, इतकेच तीत होते. ‘एकच प्याला’तल्या तळीरामाने आर्यमदिरामंडळ काढले तेव्हा त्याने सिंधूची परवानगी घेतली नव्हती, तरीही नाटक पाहून घरी जाताना आपण चर्चा करतो ती सुधाकराच्या स्वातंत्र्याची आणि दुर्बलतेची.

दुकान पुन्हा उघडल्यावर चुलत भावाने चौथे घर बांधायला घेतले होते. ते अर्धे राहिले. २०१६ साली तो गेला. दारूनेच गेला असे डॉक्टरांच्या कागदावर नाही.

यंदा दिवाळीला आम्ही गावी गेलो होतो. काकूंनी पुन्हा सह्यांचे काम काढले आहे. या वेळी त्यांनी आम्हांला काही लिहायला सांगितले नाही. फक्त जुन्या उत्तरपत्रिकांची मागची कोरी पाने मागवली, गठ्ठाभर. संध्याकाळी ओसरीवर बचत गटाच्या बायका बसतात आणि बालवाडीताई त्यांना त्यांचे नाव लिहायला शिकवते; ज्यांना येत नाही त्यांना. अंगठा नाकारता येतो, असे काकूंचे म्हणणे. स्वतःच्या हाताने काढलेले नाव नाकारायला बाईला जड जाते. कायद्याच्या दृष्टीने यात कितपत अर्थ आहे हे विचारायला आम्ही या खेपेस एका वकील मित्राला फोन केला. सह्या घेताना आधारची छायाप्रत सोबत घ्या, तारीख टाका, पंचवीसऐवजी चाळीस टक्क्यांपर्यंत जा, आणि पहिल्या दिवसापासून तक्ता ठेवा, असे तो म्हणाला. तक्ता ठेवण्याचे काम काकूंनी आमच्याकडे दिले आहे. त्यात तीन रकाने आहेत: यादीतला क्रमांक, नाव, गावात आहे की नाही.

पहिल्या रात्री काकू स्वतःचे नाव चार वेळा लिहून थकल्या. आडनावातला जोडाक्षराचा फाटा त्यांना जमत नव्हता. पान उलटून त्यांनी विचारले, मागं हे कुणाचं लिवलंय? आम्ही वाचून दाखवले. कोणा विद्यार्थ्याने सिंधू घर सोडून का जात नाही याची चार कारणे लिहिली होती आणि त्याला दहापैकी सहा गुण दिलेले होते.